लोखंडी जाळं

माझा पणजा धाकू मेतर, तारामुंबरीचा.
वाचता येत नव्हतं त्याला, मोजता येत होतं.
साहेबाची लढाऊ बोट देवगडसमोर नांगरली
तेव्हा बांगडे विकायला होडी घेऊन गेला
आणि परतला तो अख्खं जहाज बोटांवर घेऊन.

पाण्याखाली साडेचार वाव.
कुशीचं पोलाद एक वीत जाड, आणि त्याच्या पाठीला साग.
‘सागाबिगर त्यांचाव भागना नाय,’ मिशीतल्या मिशीत.
तोफेचं तोंड एक वीत चार बोटं.
अशा चार; दोन नाळेकडे, दोन वरामाकडे.
गोळा बैलाहून जड.
भट्ट्या किती, ते मात्र कळलं नाही,
आत कोण सोडतो?

सांगता सांगता तो थांबायचा जाळ्यापाशी.

दोन्ही कुशींना लांब वासे.
शिट्टी झाली की वासे बाहेर फाकायचे
आणि त्यांवरून खाली उतरायचं
कडीत कडी ओवलेलं पोलादी जाळं.
भेंड नाही, शिसं नाही.
आस आठ बोटांचा.
ना रापण, ना पाग.
पणजा वल्हं आडवं धरून बघत राहिला.

वर कठड्याशी गोव्याचा कायतान बटाटे सोलत होता.
‘ह्येच्यात काय घावता रे?’
‘एकूच नुस्तें. पोटांत दारू, शेपडेक पंखो.’
‘आणि नाय घावला तर?’
कायताननं साल तुटू दिली नाही,
गोल गोल काढतच राहिला.

दुसऱ्या दिवशी जाळं वर घेताना
शंभर गोरे घामाघूम, एकाचं बोट चेंगरलं.
जाळं सोडलं की जहाजाला पळता येत नाही,
पळायचं तर जाळं गुंडाळायला हवं.
‘म्हणजे भियाचा तर उभ्यान भियाचा,’
पणजा म्हणायचा.

तुटकी-सुटी एक कडी त्यानं आणली,
चार बांगडे देऊन.
आई तिच्यावर पेजेचं मडकं ठेवायची.
मी नायलॉनची जाळी शिवते,
कडी खुंटीला असते.

जहाज म्हणे पुढे भंगारात गेलं,
कुठल्याशा थंड बंदरात.
ते वीतभर पोलाद कापायला
किती दिवस लागले, कोण जाणे.
इथे खारा वारा कडीला एकाच अंगानं खातो आहे;
एका जागी ती सुतळीएवढी उरली आहे.
तिथे मी बोट ठेवते.
धाकू असता तर त्यानंही
आधी तिथेच ठेवलं असतं.