कल्ला उचलून बघा

लिमात, विल्सन रस्त्यावर, तिसऱ्या मजल्याच्या टोकाला
माझं दुकान म्हणजे एक टेबल, एक भिंग
आणि मुरंब्याच्या बरणीत स्क्रू.
खाली दलाल ओरडत असतात: लॅपटॉप, शाई, बॅटरी, लॅपटॉप.
त्यांच्यातून वाट काढत, जिन्यावर दोनदा दम खात
दोन्या सेनोबिया आल्या, पिशवी छातीशी धरून.

"बंद पडलंय."

बंद पडलंय म्हणजे काय, दोन्या?
डॉक्टरला नुसतं 'दुखतंय' सांगून गप्प बसता का?
दिवा लागतो? पंखा घुरघुरतो?
पडद्यावर काही उमटलं असेल तर शब्दाला शब्द सांगा.
त्याआधी तुमचा हात कुठे होता?
चहा सांडला असेल तर चहा म्हणा,
इथे कुणी रागावत नाही.
(आधीचा मालक रागवायचा.
मग लोक खोटं बोलायचे,
आणि तो धडधाकट पार्ट बदलत बसायचा.)

त्या बरणीकडे बघत म्हणाल्या,
"चहा नव्हे. सूप.
माशाचं."

यंत्र गेलं होतं. तसं सांगितलं.
"मग नवा कुठला चांगला?"

हा प्रश्न उलटा झाला.
आधी सांगा, त्याच्यावर करणार काय?
नातू तुरीनला असतो, रविवारी बोलतो.
आणि चाळीस वर्षांची उधारी वहीत पडलीय,
त्यातली मेलेल्यांची नावं वेगळी काढायचीत.
एवढंच? मग रंगीत दिव्यांचा कीबोर्ड
आणि पोरांच्या लढायांचं कार्ड
तुमच्या माथी कुणी मारायला नको.

तुम्ही काय्याओच्या धक्क्यावर मासळी विकलीत,
तुम्हाला शिकवणारा मी कोण?
कच्चं गिऱ्हाईक बर्फाच्या चकाकीला भुलतं,
जाणतं गिऱ्हाईक कल्ला उचलून बघतं.
तसंच करा.
एकेक कळ दाबा, डोक्यावर लाट असलेला एनसुद्धा.
चार्जर काढा आणि अर्धा तास दुकानदाराशी
भावाचं सोडून काहीही बोला;
बॅटरी खरी असेल तर ऐकत राहील.
स्टिकरवर जाऊ नका. स्टिकर छापणारा
दुसऱ्या मजल्यावर बसतो, माझा साडू आहे.
'शेवटचा नग' कानावर पडला की पाठ फिरवा.
पावती नाही म्हणाला की चला.
आणि पासवर्ड कुणाला देऊ नका,
मलाही नाही.
मी मागितला तर समजा, मी बिघडलो.

दुपारी त्या परत आल्या,
सहाशे सोलचा जुना लॅपटॉप चारशे दहाला घेऊन.
मागोमाग दलाल जिना चढून आला, घामाघूम.
"ही बाई कोण आहे?" तो मला विचारत होता,
"हिने यंत्राचा वास घेतला!"

ऑगस्टात, भुरभुर गारुआने भिंती ओल्या झाल्या असताना,
त्यांच्या गल्लीतला एक पोरगा चिठ्ठी घेऊन आला.
अक्षर मोठं, तागडी धरलेल्या हाताचं:

'मंगळवार, सहा वाजून दहा.
शेजारीण फ्लोरिंदाचा कॉम्प्युटर.
निळा पडदा. त्यावरचे शब्द खाली उतरवलेत,
अर्थ मला कळत नाही.
आधी तिने प्रिंटरची वायर उपटली होती.
पुन्हा लावली. तेच.
सूप नाही.'

अकरा वर्षांत इतकं नीट मला कुणी विचारलं नव्हतं.
उत्तर दोन ओळींत मावलं.

"किती द्यायचे?" पोराने विचारलं.
म्हटलं, चिठ्ठी ठेवून जा.