दुरुस्ती

उद्यमनगरात, टायर रिमोल्डिंगच्या दुकानावर
आमची खोली. जिन्याला कठडा एकाच बाजूला.
मंगळवारी, शुक्रवारी, दुपारी दोन ते सहा
मी तिथं लिहायला बसते.
पतसंस्थेत एकतीस वर्षं लोकांच्या नोटा मोजल्या.
निवृत्त झाले तेव्हा शमशाद मुजावर म्हणाली,
अक्षर बरंय तुझं, ये.

तिनंच शिकवलं.
आधी पाणी, मग चहा, मग पेन.
इतकी वर्षं का राहिलीस, हे विचारायचं नाही.
'आमच्या ओळखीत एक होती' असं सुरू होणारं
काहीही बोलायचं नाही.
आणि खुर्ची दाराकडं तोंड करून ठेवायची,
बाईला जिना दिसला पाहिजे.

शालन आली सरकी पेंड न्यायच्या निमित्तानं.
पोतं खाली टायरवाल्यानं आत ओढून घेतलं,
कुणाचं, कशाला, विचारलं नाही.

"मी पडलो," ती म्हणाली.
मी लिहिलं, मी पडले.
"रातभर गोठ्यात बसलो."
मी लिहिलं, बसले होते.
"मालकास्नी मी उलटं बोलत न्हाई कधी."
मालक.
रजिस्टरात रकाना आहे, पतीचे नाव.
तो भरला.

आमच्याकडं बायका अशाच बोलतात,
आलो, गेलो, जेवलो.
माझी आई बोलायची. मीही, नोकरी लागेपर्यंत.
मग काउंटरपलीकडं कुणीतरी साहेब हसला
आणि मी त्या दिवसापासून
आले-गेले झाले.

तिच्या डाव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती.
याच हातानं धार काढतो, म्हणाली,
आणि घड्याळाकडं बघितलं.
"म्हस माझ्याबिगर पान्हवत न्हाई."
पोरं?
"पोरं ऱ्हातील कुणाकडंबी. म्हस न्हाई."

मला हसू आलं आणि लगेच गेलं.
शमशादनं पेंडीच्या पावतीमागं नंबर लिहिला,
त्यावर नाव घातलं: जनावरांचा डॉक्टर.
साडेपाचच्या एसटीनं शालन परत गेली.
जिन्यात तिनं कठडा धरला नाही,
हात पोत्यासाठी मोकळा ठेवला.

त्या रात्री मला झोप नव्हती.
आमच्या गल्लीत, पलीकडच्या भिंतीमागं
भांडी आपटायची, आणि भांड्यांनंतर
एक वेगळा आवाज यायचा.
मी टीव्हीचा आवाज वाढवायची.
बारा वर्षं.
पै-पैचा हिशेब जुळवणारी बाई मी,
त्याची कुठं नोंद केली नाही.
मग ते कुटुंब घर सोडून गेलं.
ती सोबत गेली का, हेही मला माहीत नाही.

पुढच्या मंगळवारी खुर्ची रिकामी.
त्याच्या पुढच्याही.
शमशाद म्हणाली, वाट बघू नको, फक्त बसून राहा.
मला हा फरक कळायला
उन्हाळा संपावा लागला.

एका शुक्रवारी जिन्यावर पावलं,
एका माणसाची नव्हेत.
दोन पोरं, दोन दप्तरं, मागं ती.

"म्हस पयली हलवली," बसता बसता म्हणाली.
"भावाच्यात. वैरण खाईना,
डाक्टरला दावून आणतो म्हटलं घरात.
आठ दिसांनी पोरं. मग मी."

पाणी दिलं. चहा दिला.
धाकट्यानं बशीतला चहा फुंकून फुंकून
टेबलावर सांडला, रजिस्टराच्या कोपऱ्यावर.
तो डाग अजून आहे.

पेन उघडलं.
सांग, म्हटलं.
"काय सांगू? आलो."

तारीख घातली, वार घातला,
आणि लिहिलं: आलो.

वकीलबाई कोर्टाच्या कागदात दुरुस्त करतील.
करू देत.