मांडणी

ग्लेनिस पॅस्को लोकांच्या घरात संसार मांडते.
भाड्याचा, सहा आठवड्यांचा.
सोफ्याचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या.
दार अरुंद. तिरका कर, म्हणते, अजून तिरका.
कोबर्गच्या या नुकत्याच रंगवलेल्या खोलीत
आम्ही एक बैठक बसवतो
जिच्यावर कुणी बसणार नाही.

टेबलावर सहा ताटल्या.
काचेच्या भांड्यात लिंबं, प्लास्टिकची, नऊ.
विषम आकडा डोळ्याला बरा दिसतो.
पुस्तकं मीटरच्या हिशोबाने घेतलेली,
पाठ भिंतीकडे, म्हणजे सगळी एका रंगाची.
मुलांच्या खोलीत लाकडी जिराफ.
त्याने आजवर चौदा घरं विकली आहेत.
ग्लेनिस त्याला नेव्हिल म्हणते.

आमच्यात म्हणतात, घर पाहावं बांधून.
इथे घर नुसतंच पाहावं,
शनिवारी, अकरा ते साडेअकरा,
पाय पुसून, दारात फोन नंबर लिहून देऊन.
जोडपी येतात. नळ सोडून बघतात,
कपाटं उघडतात,
भिंतीवर बोटांनी टिचक्या मारतात
कलिंगड घेताना मारावं तसं.

मग फुटपाथवर लिलाव.
लिलाववाल्याचा सूट निळा, हातात गुंडाळलेला कागद.
बोली सुरू होते.
ही बोली या गल्लीत सगळ्यांना कळते,
ग्रीक, लेबनीज, सोमाली, पंजाबी,
आणि सगळे एकेक करून
याच बोलीत गप्प होतात.
दहा लाख वीस हजारांना थ्वी गप्प झाली,
रात्रपाळीवरून थेट आलेली, नर्सचे बूट पायात तसेच.
नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला
की तिला मागे ओढलं,
लांबून कळलं नाही.
एकवार.
दोनवार.
फोनवर बोलणाऱ्या एका माणसाने
फोन न ठेवताच मान हलवली.
तो आत येऊन गेलाच नव्हता.
तीनवार, आणि कागद तळहातावर.

ट्रकमध्ये रेडिओ. कुठल्याशा बँकेचा तज्ज्ञ म्हणतो,
पुढच्या वर्षी भाव अजून चढतील.
दुसरा म्हणतो, पडतील, व्याजदर बघा.
पहिला म्हणतो, पडून पडून किती पडतील?
ग्लेनिस आवाज बारीक करते.
तीस वर्षं ऐकतेय, पडणार, पडणार.
पाऊस असता तर एव्हाना धरण भरलं असतं.

ती एकसष्ट वर्षांची आहे.
घटस्फोटात तिला गाडी मिळाली, शिवणयंत्र मिळालं
आणि नवऱ्याच्या आईचा कुत्रा.
मेल्टनला भाड्याने राहते, अकरा वर्षं,
भिंतीत खिळा मारायला परवानगी लागते
म्हणून चित्रं जमिनीवर टेकवलेली.

मंगळवारच्या कामाच्या चिठ्ठीवरचा पत्ता वाचून
मी तिच्याकडे पाहिलं.
ती ट्रक मागे घेत होती, आरशात बघत.
मालक विकतोय, म्हणाली.
एजंटला ठाऊक नाही मी कोण.
त्याला कुणीतरी सांगितलं,
त्या कंपनीतली बाई जुन्या घराला छान उजेड आणते.

मंगळवारी आधी तिचं सामान बाहेर काढलं,
बॅलरॅटला, बहिणीच्या गॅरेजात न्यायला.
खुर्चीचे हात झिजून पांढरे पडलेले.
तिरका कर, ती म्हणाली. खुर्ची होती ती,
सरळही गेली असती.
मग सोफा, ताटल्या, लिंबं, नेव्हिल.
चित्रं आता भिंतीवर लावली आम्ही,
खिळे मारून, चार.
परवानगी होती.

शेवटी ती दारात उभी राहिली,
गिऱ्हाईक उभं राहतं तशी, पर्स पोटाशी धरून.
बराच वेळ.
बाहेर कुत्रा ट्रकच्या चाकाला हुंगत होता.

चांगलं दिसतंय, म्हणाली.
इथे मी राहिले असते.