डोकी मोजताना

पिंपळगावच्या शेडमध्ये सकाळी आठला
माझं पहिलं काम, डोकी मोजायची.
माणसांची नाही, ती हजेरी शेजवळांकडे.
माझ्याकडे चिमटा, भिंग,
आणि प्लास्टरच्या ओल्या ताटलीत
मोहरीहून बारीक
तांबड्या मुंग्यांची डोकी.

त्या मुंग्या इकडच्या नाहीत, मॅडम सांगतात.
कुठल्या बंदरातून, कुठल्या रोपाच्या मातीतून आल्या
आणि द्राक्षाच्या मुळाशी घर करून बसल्या.
ठिबकच्या नळ्या कुरतडतात,
छाटणीच्या बायकांचे पाय सुजवतात.
माझ्या डाव्या घोट्यावर सात डाग आहेत,
एकाच मिनिटातले.

पेटीत दोन वाट्या पालथ्या.
मोटर एक उचलते, दुसरी खाली बसवते.
उघड्या पडलेल्या मुंग्या सावलीकडे पळतात,
मग ती सावलीही उचलली जाते.
दिवसभर असंच.
वर माशी जागच्या जागी थांबलेली,
कुणाचं तरी नाव आठवत असल्यासारखी.
मग टोचते. एक अंडं.
इतकंच.

पुढचं मी मॅडमना दोनदा सांगायला लावलं.
अळी छातीतून डोक्यात सरकते.
मुंगी चालत राहते, ओझं उचलते,
वाटेत भेटलेल्यांना मिशा लावून विचारपूस करते.
एक दिवस डोकं गळून पडतं.
बाकीच्या ते कचरा म्हणून बाहेर आणून टाकतात,
तिथून मी उचलते.

आईनं विचारलं, कंपनीत काय करतेस गं?
म्हटलं, माशा पाळते.
म्हणाली, अगंबाई, गोठ्यात काय कमी होत्या?
आई अजून उंबऱ्याबाहेर साखरपीठ घालते
मुंग्यांना, बोटानं रेघ ओढून,
जेवायला बसवल्यासारखं.
तिला मी सगळं सांगितलेलं नाही.

मुंगीला पंख फुटले, असं आमच्यात म्हणतात.
बारावीनंतर मला पुढं शिकायचं होतं
तेव्हा काका म्हणाले होते, ओट्यावर, चारचौघांत.
आता चाळिसाव्या दिवशी भिंगाखाली बघते,
रिकाम्या डोक्याच्या तोंडातून
आधी पाय येतात, मग ओले, चुरगळलेले
दोन पंख.
मुंगीचे नव्हेत ते.
काकांना एकदा आणून दाखवावं वाटतं,
पण माशी जगते चार दिवस
आणि काका रविवारीच मोकळे असतात.

परवा रात्री लाईट गेली. जनरेटर सुरू होईना.
ताटल्या सुकल्या तर चाळीस दिवस मातीत.
मी आणि वॉचमन सावळीराम
गोणपाटं भिजवून रॅकवर टांगत राहिलो,
तो विचारत होता, ताई, हे वाचवायचं
की मारायचं आहे?
मी म्हटलं, पाणी आण.

सकाळी कुपीत सहाशे बारा.
ढोमसेंच्या बागेत, सातव्या ओळीत,
फरसाणाचा तुकडा ठेवला.
तांबडी रांग आली, तुकडा झाकून गेला.
मी बूच काढलं.

फार काही झालं नाही.
आवाज नाही, पडलेलं कुणी नाही.
फक्त रांगेवर काहीतरी तरंगलं
आणि सगळी रांग जागीच थबकली,
डोकी वर, मिशा ताठ,
मग उलटी, दाटीवाटीनं, बिळात.

ढोमसे म्हणाले, किती मेल्या?
दोन. तीन असतील.
एवढ्यासाठी एवढी शेड?
मी म्हटलं, बाकीच्यांना कळलं ना.
ते टोपी काढून डोकं खाजवत राहिले.
फरसाण तसंच पडलेलं.

बऱ्याच वेळानं खोडावरून
एक काळी मुंगी उतरली, आपल्या घरातलीच वाटावी अशी.
थांबली. इकडे तिकडे बघितलं.
शेवेचा तुकडा उचलला, तिच्याहून मोठा,
आणि तिरपी तिरपी
बांधाकडे घेऊन गेली.

वहीत मी सहाशे बारा लिहिलं.
तिच्यासाठी रकाना नव्हता.