सेकंडचा माल

पहाटे तीनला मी उठून गॅसचं बटण बघते.
सव्वातीनला पुन्हा उठते,
मघाशी खरंच बघितलं होतं का, ते बघायला.
मग दाराची कडी, मग आईचा श्वास,
मग छातीतला तो माग,
ज्याला मालक नाही, कामगार नाही,
वीज गेली तरी जो खटखट चालूच असतो.

डॉक्टरांनी पट्टीचा कागद टेबलावर उलगडला,
"सगळं नॉर्मल आहे, मॅडम. विश्रांती घ्या."
जशी काही विश्रांती
जोडभावी पेठेत सुटी मिळते,
अर्धा किलो, वर कडीपत्ता फुकट.

साखर पेठेत एका बंद कारखान्यात
रत्नमाला येमूल राहते, आणि हमीदा बागवान.
सोबत राहतात.
लोक काय काय म्हणतात.
लोकांना वेळ आहे, कारखाने बंद आहेत.
एकीने नवरा सोडला. दुसरीला मिळाला नाही.
"मिळवला नाही," हमीदा दुरुस्त करते,
तोंडातली टाचणी न काढता.
दोघींचे केस मानेपर्यंत,
एकमेकींनीच कापलेले, शिवणाच्या कात्रीने, वाकडे.

त्या चादरींवर चित्रं काढतात.
ज्यांत धागा चुकला, रंग फुटला,
मोर उलटा विणला गेला,
ज्यांच्या कोपऱ्यावर 'सेकंड' असा शिक्का बसतो, त्याच चादरी.
महिन्याला दोन खपल्या
तर रत्नमालाला मटण हवं असतं, हमीदाला निळा रंग,
आणि गल्लीला भांडण ऐकू जातं.

मी गेले होते जीएसटीच्या कागदावर सही घ्यायला.
मे महिना. पत्रा तापून करकरत होता.
रकाना दाखवता दाखवता माझा हात थरथरू लागला,
पेनाचं टोपण निसटलं,
घरंगळत मागाच्या पायाशी गेलं,
आणि मला वाकून ते उचलता येईना.
टोपण. एवढंसं. निळं.

कुणी विचारलं नाही, काय झालं म्हणून.
हमीदाने खिडकीवर ओलं पोतं टाकलं.
रत्नमालाने विझलेली विडी कानावर खोचली
आणि जमिनीवर चादर झटकली, उलट्या मोराची.
"पड."
"ऑफिस..."
"ऑफिस कुठं पळूलालंय? पड."

तीस माग जिथे दिवसरात्र ओरडले
तिथली शांतता वेगळी असते,
वापरून मऊ झालेली.
डब्यात ब्रश खळबळला.
लांबून कुणी बाई पोराला तेलुगूत बोलावत होती.
मी भीतीची वाट बघत पडून राहिले.
आली ती. उशाशी उभी राहिली.
हमीदाने जांभई दिली, तशी तीही दिली मी,
मग तिसरी कुणी दिली ते कळलं नाही.

मी झोपले.
आमच्यात दुपारी झोपणारी बाई
आजारी तरी असते नाहीतर आळशी,
आणि यातली एक ठरेन
म्हणून मी बारा वर्षं जागी होते.

उठले तेव्हा दिवे लागले होते.
गालावर धाग्यांची जाळी उमटलेली.
समोर कडक भाकरी, मोडून, शेंगाचटणी, तेल.
दोरीवर एक चादर, अजून ओली.
मला वाटलं, मला काढलं असेल, झोपलेली.
मी नव्हतेच तिच्यात.
होतं पेनाचं टोपण,
माणसाएवढं मोठं,
मागाखालच्या सावलीत निवांत पडलेलं.
कुणीही त्याला उचलत नव्हतं.

निघताना उलटा मोर गुंडाळून हातात दिला.
"किती द्यायचे?"
"सही न्यायची राहिली की तुझी," रत्नमाला म्हणाली,
आणि केली. रकाना चुकवून.

बरी झाले, असं काही नाही.
काल रात्रीही तीनला उठले.
गॅस बंद होता.
सव्वातीनचा फेरा वाचावा म्हणून
ओट्यासमोर फरशीवरच चादर टाकली,
आडवी झाले, नजर बटणावर ठेवून.
डोळा कधी लागला,
ते बघायला कुणी जागं नव्हतं.