किती फूट?

मे महिन्यात कुणी विचारत नाही.
पट्टीवरचे खालचे आकडे उघडे पडतात,
केंदाळ काठाला लागून कुजतं
आणि मी वहीत लिहितो: नऊ फूट.
दुसऱ्या दिवशीही नऊ.
घरी जाताना गल्लीच्या तोंडाला टँकर,
त्याच्या पाईपखाली घागरींची भांडणं.

बरगे काढायचा हुकूम तारखेला येतो.
रंगराव खाडे आणि त्याची चार माणसं
दोरानं एकेक फळी वर घेतात,
जपलेलं पाणी शिरोळकडं निघून जातं.
"आठ दिवस थांबूया की. आभाळ बघ, पांढरंफटक."
मी म्हटलं, कागदावर पाऊस आहे.

त्या साली तो कागदावरच राहिला.
वीस जुलैपर्यंत नळाला एक दिवसाआड पाणी,
आणि चहाच्या गाड्यावर रंगराव
माझ्याकडं पाठ करून बसायचा.

मग तीन दिवसांत अख्खा महिना पडला.

तेहतीस.
छत्तीस, दोन इंच.
फोन खाली ठेवायची सोय नाही:
सुतारवाडा, कुंभार गल्ली, मुंबईला गेलेली पोरं,
किती फूट? किती फूट?
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका,
मी पाठ केलेलं म्हणत होतो.
रात्री अडीचला चिखलीची अक्काताई म्हणाली,
"तुझं फूट ठेव तुझ्यापाशी.
माझ्या गोठ्यात पाणी कितीला शिरतं, त्ये सांग.
दावी सोडू, का कापू?"

मला माहीत नव्हतं.
तिनं कापली.
अकरातल्या नऊ म्हशी पोहून वर आल्या.

दिवाळीनंतर रंगराव आणि मी
लाल रंगाचा डबा घेऊन फिरलो.
भिंतीवरची गाळाची रेघ, माझी वही, त्याचा टेप.
शाळेची पायरी: बेचाळीस, एक इंच.
पिठाची गिरण: त्रेचाळीस, आठ.
अक्काताईचा गोठा: एक्केचाळीस, चार.
एका घरमालकानं आकडा रातोरात पुसला,
भाडेकरू येईना म्हणून.
आम्ही परत गेलो. त्यानं परत पुसला.

यंदा बरग्यांवर साहेबांशी भांडलो.
निम्मे काढायचे, निम्मे अंदाज बघून.
लेखी द्या, म्हणाले. दिलं.
चुकलं तर माझी सही आहे तिथं,
झोप येत नाही, ती त्यामुळंच असेल.

काल भर दुपारी फोन वाजला,
पट्टीवर ऊन, पाणी हलतसुद्धा नाही.
अक्काताई.
"विहीर बसली आमची.
किती फूट हाय रं?"