पूर्ण दाब

दोलोनच्या घाटात मागून ट्रकसुद्धा हॉर्न देतात,
म्हणाली बुरुलसून,
आणि काल तर एक घोडा पुढे गेला.
घोड्यावरच्या पोराने वळून पाहिलं,
ते जास्त लागलं.

एकोणनव्वदची ऑडी. मागच्या काचेवर
जर्मनीतल्या कुठल्याशा बेकरीचा स्टिकर अजून,
अर्धा पाव उडालेला.
चार मालक, तीन देश,
मीटर दोनदा तरी मागे फिरवलेलं असणार.

मी म्हटलं, उंचीवर इंजिनालाही धाप लागते.
ती म्हणाली, मी गुरांची डॉक्टर आहे,
धाप मला कळते. ही धाप नव्हे.
हिला कुणी पोटभर खाऊ देत नाहीये.

मी हसलो.
कोच्कोरमध्ये सव्वीस वर्षं गॅरेज आहे माझं.

प्लग काढले. बरे होते, तरी बदलले.
पेट्रोलचा फिल्टर फुंकून पाहिला,
दिवसभर तोंड कडू.
हवेच्या फिल्टरात एक टोळ, गवताचं बी,
कुणाच्या तरी स्वेटरचा निळा धागा.
व्हॅक्यूमची नळी चिरलेली सापडली तेव्हा
मी एलामानला चहा टाकायला सांगितला, जिंकल्यासारखा.
नळी बदलली. चहा प्यालो. गाडी तशीच.
सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला: श्वास मोकळा.
ब्रेक धरून बसलेत का म्हणून
चारही चाकं उचलून हाताने फिरवली:
फिरली, आपल्याच नादात.

तिसऱ्या दिवशी बॉनेटखाली डोकं घालून ओरडलो,
एलामान, पेडल दाब.
दाबलं.
पूर्ण दाब.
पूर्णच आहे, उस्ताद.
माझ्या डोळ्यांसमोर झडप
अर्धी उघडली आणि थांबली,
दार किलकिलं करून
कोण आलंय बघणाऱ्या माणसासारखी.
पायात जोर नाही का?
उभा राहिलोय तिच्यावर!

तेव्हा कुठे मी खाली वाकलो.

पायाखाली बुरणुसाची सतरंजी,
लाल, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी.
आमच्याकडे सगळ्यांच्याच गाडीत असते, कोण बघतं.
उचलली तर जड.
खालच्या अंगाला, नेमकी पेडलच्या टाचेखाली,
काळ्या बुरणुसाची आणखी एक घडी,
तीन बोटं जाड,
टाके इतके बारीक की नखाला लागेनात.

नारीनला फोन लावला, जुन्या मालकाला, जुमादिलला.
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
मग म्हणाला, सापडलं होय.
पोरगा घाट असा कापायचा
की बायको माझी दारात बसून रात्र काढायची.
भांडून झालं. रडून झालं.
मग एका हिवाळ्यात तिने ते शिवलं.
आणि त्याला कळलं नाही?
छे. म्हणायचा, गाडी म्हातारी झाली, विकून टाका.
आता मॉस्कोत टॅक्सी चालवतो.
तिथल्या गाडीत रबराची असते सतरंजी.
एवढं बोलून त्याने बकऱ्यांचा भाव विचारला.

बुरुलसूनकडून फक्त नळीचे पैसे घेतले.
प्लगचेही घेणार होतो; तिने नुसतं पाहिलं.
वहीत दुखणं कोणतं लिहावं ते कळेना.
'आई' लिहिलं. खोडलं.
'सतरंजी' लिहिलं.

ती घाटाकडे निघाली.
वळणापलीकडे गेल्यावरही आवाज येत राहिला,
भरल्या पोटाचा.
काळी घडी तिने टाकली नाही,
मागच्या सीटवर ठेवली.
बहिणीचा मुलगा जूनमध्ये अठराचा होईल, एवढंच म्हणाली.

एलामान हात पुसत विचारतो,
उस्ताद, आपल्या ट्रकचं पेडल तरी
खाली टेकतं का हो?

मी म्हटलं, तेरा नंबरचा पाना दे इकडे.